लहान कार्ब्युरेटर कुठे आहे

मी, खाली सही करणारी, या स्कूटर गॅरेजची मालकीण, एका मेकॅनिकची विधवा आणि स्वतःही मेकॅनिक, सत्तरी ओलांडलेली, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या वैरांचे काय करावे ते या कागदाने ठरवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो लिहीत असताना त्यांची स्कूटर खाली चालू होती, आणि तिच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट चिकटतो आहे हे मी वरूनच सांगितले, म्हणजे कानही ठिकाणावर आहेत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. राग आहे, पण तो माझा स्वकष्टार्जित आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या धाकट्या दिरांनी तसा एखादा कागद पुढे केला तर तो बनावट समजावा.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला असून कायद्याचे शब्द वकीलबाईंनी घालून दिले आहेत. काही शब्द त्यांनी काढायलाही लावले.

"काकू, मृत्युपत्रात हरामखोर असं लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"सदर इसम लिहा."

तेव्हा पुढे जिथे सदर इसम असे येईल, तिथे माझे धाकटे दीर समजावेत आणि वाचणाऱ्याने मूळ शब्द मनात धरावा.

कलम एक. गॅरेजच्या वरच्या माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्यांतील भांडी, कपाट, पलंग, खिडकीतली खुर्ची आणि बँकेत जे काही असेल ते सर्व मी माझ्या धाकट्या जावेला देते. ती सदर इसमाची पत्नी आहे, हा तिचा दोष नाही. सर्व काही तिच्या एकटीच्या नावावर व्हावे. सदर इसमाने या खोल्यांत पाऊल टाकायचे असल्यास दारावर टकटक करून तिची परवानगी घ्यावी, आणि ती नाही म्हणाली तर जिना उतरून जावे. आमचे हे गेल्यावर सगळी गल्ली माझ्याकडे पाठ फिरवून बसली होती, तेव्हा ही बाई नवऱ्याच्या शिव्या खाऊन माझ्यासाठी डबा घेऊन यायची. डबा ठेवायची, दाराशी बसायची, मी जेवेपर्यंत हलायची नाही. "ताई, दोन घास तरी खा," एवढेच बोलायची. सदर इसमाने तिला जन्मभर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागवले. आता काही दिवस त्याने पाहुणा होऊन बघावे.

कलम दोन. माझी हत्यारे, म्हणजे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पितळी तारा, प्लग साफ करायचा ब्रश, हवेचा पंप आणि जेटचा सबंध डबा, मी समोरच्या मेकॅनिकला देते, ज्याला सगळी गल्ली सायलेन्सर म्हणते. या माणसाला हळू बोलता येत नाही. माझ्या वाईट दिवसांत तोही इतरांच्या बरोबरीने हसला होता आणि मी ते विसरलेले नाही. पण प्लग वाचता येणारा या गल्लीत माझ्यानंतर तोच आहे, आणि हत्यारे प्रेमापोटी द्यायची नसतात. शिवाय सदर इसमाला तो डोळ्यांसमोर नको असतो, ही आणखी एक जमेची बाजू.

हत्यारांबरोबर काही गोष्टी पाळाव्यात. जेटच्या भोकातून पेट्रोल मोजून येते, म्हणून त्यात लोखंडी तार घालू नये, भोक वाढते. पितळी तार वापरावी. कार्ब्युरेटर निवडताना गिऱ्हाइकाची हौस बघू नये, सिलिंडर बघावा. मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठा वेग असे ज्याला वाटते त्याने दुकान टाकावे, गॅरेज टाकू नये. आमच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरींत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पिस्टनला ओलावा मिळतो तो त्यातूनच. मोठ्या कार्ब्युरेटरने हवा भरपूर घेतली आणि जेट लहान असल्याने पेट्रोल कमी पडले, की ऑइलही कमी पडते. गाडी आधी नेहमीपेक्षा जोरात पळते, माणूस खूश होतो, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. मागचे चाक जागच्या जागी जाम होते. म्हणून कार्ब्युरेटर बदलला तर मोठ्या जेटपासून सुरुवात करावी आणि एकेक पायरी खाली यावे. प्रत्येक वेळी गाडी चढावर पळवून प्लग काढून बघावा. तपकिरी असेल तर बरोबर आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त होते आहे, त्याने फार तर धूर होईल. पांढरा पडला असेल तर गाडी तिथेच उभी करून घरी चालत यावे.

ही माहिती सदर इसमालाही होती. त्याला ती मीच सांगितली होती.

कलम तीन. या कलमात देण्याघेण्याचे काही नाही. वकीलबाई म्हणाल्या की मग ते काढून टाका. मी म्हणाले की हेच कलम ठेवा, हवे तर बाकीची काढा.

आमचे हे इंजिन बांधायचे आणि कार्ब्युरेटर मी बघायचे. लग्नानंतर पहिल्या वर्षीच आमची ही वाटणी झाली, कारण ह्यांचे हात मोठे होते आणि धीर लहान. मिश्रणाचा स्क्रू फिरवताना इंजिनाशी बोलल्यासारखे थांबावे लागते. थोडा फिरवायचा, ऐकायचे, थोडा मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचे. ह्यांना ते जमायचे नाही. "तू कर बाई, मला झोप येते," असे म्हणून ते बाजूला व्हायचे आणि मी काम करताना बघत बसायचे. त्यांच्याइतक्या प्रेमाने मला कोणी काम करताना पाहिलेले नाही.

स्क्रू मनासारखा बसला की त्याच्या डोक्यावरून कार्ब्युरेटरच्या अंगावर मी नेलपॉलिशची एक रेघ ओढत असे. पेट्रोलने ती जात नाही, आणि कोणी स्क्रू हलवला तर रेघ तुटलेली दिसते. नेलपॉलिश माझ्या लेकीचे असायचे. हे गेले त्या वर्षी तिने जांभळे आणले होते, तेही चकाकणारे.

"आई, परत? अगं, ते माझं आहे!"

"एक थेंब घेतला."

"अर्धी बाटली संपवलीस. स्कूटरला कसलं गं नटवतेस?"

"तुझ्या बाबांची आहे. शर्यतीला जायचंय तिला."

ती चिडली, मग हसली, आणि शेवटी ती रेघ तिनेच ओढली. मी ओढलेली वाकडी होते असे तिचे म्हणणे होते.

शर्यत जुन्या स्कूटरींची होती, गावाबाहेरच्या टेकडीवर चढाची. ह्यांच्या गाडीला मी मूळचाच लहान कार्ब्युरेटर ठेवला होता, जेट आठवडाभर बदलून बघितला होता, प्लग तपकिरी आला होता. सदर इसमाचे तेव्हा स्पेअर पार्टचे दुकान होते आणि त्यात मोठ्या कार्ब्युरेटरचे खोके पडून होते. ते कोणी घेत नव्हते.

"वहिनी, दादाच्या गाडीला मोठा बसवा," ते येऊन म्हणाले. "दादा जिंकला की माझ्या दुकानापुढे रांग लागेल."

"भाऊजी, या सिलिंडरला तो मोठा आहे. आणि बसवायचाच तर जेट शोधायला दिवस लागतील."

"त्यात जेट घातलेलाच येतो की!"

"तो कुठल्या इंजिनासाठी घातलाय ते त्या कंपनीला माहीत. ह्यांच्या गाडीला मी लावणार नाही."

"तुम्ही ना वहिनी, फार बाऊ करता," असे म्हणून ते गेले. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी परत आले, गोड बोलले, आणि पुढच्या पत्र्यावर शर्यतीचा नंबर रंगवून आणतो म्हणून गाडी घेऊन गेले. नंबर रंगवायला इंजिनावरचे पॅनल उघडावे लागत नाही. पण भावानेच नेलेली गाडी, तेव्हा परत आल्यावर ती उघडून बघावी असे कोणाच्या मनात येणार? ती घरी आलीही नाही. शर्यतीच्या सकाळी सदर इसमाने ती परस्पर टेकडीखाली नेऊन उभी केली.

बघणारे सांगतात की पहिल्या चढावर ह्यांची गाडी सर्वांच्या पुढे होती आणि हे हसत होते. मी किती छान ट्यून केली आहे असेच त्यांना वाटत असणार. तिसऱ्या वळणावर पिस्टन चिकटला, मागचे चाक जाम झाले आणि हे कठड्यावर आपटले. दवाखान्यात नेईपर्यंतही टिकले नाहीत.

गाडीत मोठा कार्ब्युरेटर निघाला. दवाखान्याच्या दारात, माणसे जमलेली असताना, सदर इसमाने कपाळावर हात मारून सांगितले, "वहिनींनीच हौसेनं बसवला हो. मी नको नको म्हणत होतो." रडत सांगितले. त्यांना रडू छान येते. मी ओरडले, त्यांच्या अंगावर धावले, आणि दुःखाने बाईचे डोके फिरले असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

घरी आल्यावर लेकीने मला विचारले, "आई, आपण रेघ ओढली तो लहानच होता ना?"

"हो."

"मग काका म्हणाले तसं तू नंतर बदललास?"

"नाही गं. त्यांनी बदलला."

"मग लहान कार्ब्युरेटर कुठे आहे?"

मी सगळे गॅरेज उपसले. ती दारात उभी राहून बघत होती. मला तो सापडला नाही. त्या दिवशी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी कोणाला सांगू शकत नाही. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. फोन करते, तब्येत विचारते, आणि बाबांचा विषय निघाला की फोन ठेवते. गल्लीत 'नवऱ्याला ट्यून करणारी' असे माझे नाव पडले. गिऱ्हाइके गाड्या परत घेऊन गेली. हळूहळू आलीही, कारण स्कूटरी त्यांच्याकडून चालेनात. पण ते नाव काही गेले नाही.

गेल्या वर्षी सदर इसमाने मोटार विकली आणि दुकानाच्या मागे झाकून ठेवलेली आपली जुनी स्कूटर काढली. गॅरेजची रस्त्याकडची पुढची जागा त्यांना हवी होती, बॅटरीवरच्या स्कूटरींची शोरूम काढायला. एका सकाळी ते पाटी रंगवणाऱ्याला घेऊन जागेचे माप घ्यायला आले. स्कूटर माझ्या खिडकीखाली चालूच ठेवली आणि "वहिनी, खाली या!" अशी हाक मारली.

मी उठले नाही. मी ऐकत होते. स्वतःच्या मुलाचा आवाज आईला दुसऱ्या खोलीतून ओळखू येतो. मला माझे काम तसे ओळखू येते. तो माझा कार्ब्युरेटर होता. फेकून देणे सदर इसमाच्या जिवावर येते, हे मला आधीच सुचायला हवे होते.

ते आत माप घेत होते तेवढ्यात मी खाली जाऊन गाडी बंद केली आणि पॅनल उघडले. धुळीचा थर बोटाने पुसला. जांभळी रेघ होती. कुठेही तुटलेली नव्हती. इतकी वर्षे गाडी झाकलेली होती, आणि बाहेर काढल्यावर छान चालली म्हणून त्यांनी तो स्क्रू कोणाला हलवू दिला नव्हता. मी पॅनल नीट बसवले, कारण ते वाकडे लागले असते तर सदर इसमाला कळले असते. मग वर येऊन चहा टाकला. चहा पिताना ते म्हणाले, "बघितलंत वहिनी? अजून एका किकला उठते."

"कोणी ट्यून केली?"

"मीच की."

मी त्यांच्या तोंडावर कप फेकला नाही. बोभाटा केला असता तर संध्याकाळपर्यंत कार्ब्युरेटर गटारात गेला असता आणि लेकीपुढे मी पुन्हा हात हलवत उभी राहिले असते. म्हणून मी गोड बोलले. जागेचा विचार करते म्हणाले. साखर पुरे का, असेही विचारले. तेव्हापासून मी गोडच बोलते आहे आणि रोज खिडकीत बसून ती स्कूटर जाताना ऐकते आहे.

कलम चार. गॅरेजची रस्त्याकडची पुढची जागा, जिच्यासाठी सदर इसमाने स्वतःच्या नावाची पाटी रंगवून घरात आणून ठेवली आहे, ती मी सदर इसमाला देते. होय, देते. अट एकच. माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत त्याने आपली स्कूटर गॅरेजमध्ये आणावी. गल्लीतले सर्व मेकॅनिक, त्याची पत्नी आणि माझी लेक यांच्या समक्ष त्याने स्वतःच्या हाताने पॅनल उघडावे, कार्ब्युरेटर सोडवावा आणि टेबलावर ठेवावा. तो कोणाचा, कुठून आणि कधी काढला, हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. पाना दुसऱ्या कोणी हातात घ्यायचा नाही. त्यावरची रेघ माझ्या लेकीने तपासावी, कारण ती रेघ ओळखणारे आता आम्ही दोघीच आहोत. दुसरा कार्ब्युरेटर आणला, रेघ खरवडली, किंवा तो हरवल्याची बतावणी केली, तर अट मोडली असे धरून ही जागा सायलेन्सरला मिळावी, आणि त्याने तिथे दिवसभर एक्झॉस्ट बडवत बसावे.

म्हणजे सदर इसमाने खरे सांगितले तर अब्रू जाईल आणि सांगितले नाही तर जागा जाईल. वकीलबाईंनी विचारले की तिसरा काही मार्ग आहे का. मी पुष्कळ विचार करून तो ठेवलेला नाही.

सदर इसमाने माफी मागितल्यास ती ऐकून घ्यावी, पण जमेस धरू नये. माझ्यामागे लोक जमले असता तो चार शब्द बोलायला उभा राहिला, तर सायलेन्सरने हातातली कोणतीही गाडी फुल रेसवर चालू करावी आणि तो खाली बसेपर्यंत बंद करू नये. मला सूड हवा आहे. दुसरा सभ्य शब्द वकीलबाईंनी सुचवला होता, तो मी घेतलेला नाही.

कलम पाच. माझ्या लेकीला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घर नाही, हत्यार नाही, पलंगावरची चादरसुद्धा नाही.

हे ऐकून तिला वाईट वाटेल, म्हणून कारण सांगते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाईंनी मला सांगितले. तेव्हाच मी ठरवले. ये, तुला खरे सांगते, असे मी म्हटले असते तर तिने फोन ठेवला असता. साक्षीला ये म्हटल्यावर ती येते आहे. सदर इसमानेच तिला आग्रह केला आहे, की आईचा कागद होतोय, तू समोर हवीस. जागा त्याला मिळणार याची त्याला इतकी खात्री आहे. सही करण्याआधी हा सगळा मजकूर वकीलबाई तिच्यासमोर मोठ्याने वाचणार आहेत, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला खुर्चीतून उठता येणार नाही. माझ्याकडची सगळ्यांत मोलाची गोष्ट तिला मिळावी म्हणून बाकी काही दिले नाही. तिने मला जवळ घ्यावे अशी अट मी घातलेली नाही. तशी अट घालता येत नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांच्या स्कूटरचे काम मी जिवंत असेतोवर फुकट करेन, पुढचे त्यांनी सायलेन्सरशी बोलून घ्यावे.

वरील सर्व मी विचार करून लिहिले आहे. एकाही शब्दाचा मला पश्चात्ताप नाही.

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: खालच्या दुकानातली शिंपीणबाई. सही. (मजकूर वाचून होईपर्यंत मी हजर होते. मला रडू आल्याने सही थोडी हलली आहे, ती माझीच आहे.)

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणारीची मुलगी. सही.

सहीखाली काही लिहू नका असं वकीलबाई म्हणताहेत, तरी लिहिते. आईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीत होती. कलम चार लागू व्हायला आधी आईला मरावं लागेल, आणि तेवढं थांबायची माझी तयारी नाही. मी तिला आधीच खूप वर्षं थांबवलंय. आज सकाळी काकांनी मला स्टँडवरून त्याच स्कूटरवर बसवून आणलं. ती खाली दारात उभी आहे, काका तिच्यावर रेलून गप्पा मारताहेत आणि सगळी गल्ली कामावर हजर आहे. आईने हत्यारांतून पाना काढून दिलाय. तो मी काकांच्या हातात द्यायला खाली जातेय.